मेन स्विच बंद, तरीही पॅनेलमध्ये वीज

मेन स्विच बंद केला की घराच्या वीज पॅनेलमध्ये (मेन स्विच आणि ब्रेकर बसवलेल्या पेटीत) वीज उरत नाही, म्हणून ते पॅनेल घरमालकाने स्वतः बदलायला हरकत नाही, हा जुना समज चुकीचा आहे. मेन स्विच फक्त पुढची सर्किटे तोडतो. मीटरकडून त्याच्यापर्यंत आलेल्या तारा मीटरच्या बाजूने पुरवठा तोडेपर्यंत जिवंतच राहतात, आणि तिथे बसणाऱ्या धक्क्यापासून त्याच पॅनेलमधला एमसीबी (प्रवाह जास्त झाला की सर्किट तोडणारा ब्रेकर) किंवा आरसीसीबी (विजेची गळती झाली की सर्किट तोडणारा) वाचवू शकत नाही. त्यामुळे वीज कंपनीकडून पुरवठा तोडून घेऊन परवानाधारक तंत्रज्ञानेच हे काम करावे. धक्का टळला तरी तारेच्या जोडावर सैल राहिलेल्या स्क्रूचा धोका उरतोच: प्रवाह दुप्पट झाला की अशा जोडावरची उष्णता चौपट होते, आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.