हेडफोनची निवड

हेडफोनची निवड : विद्युत् संकेताचे ध्वनीत रूपांतर करून तो थेट कानाशी ऐकवणारे साधन म्हणजे हेडफोन. कान पूर्ण वेढणारे, कानावर टेकणारे, कर्णरंध्राच्या तोंडाशी अडकणारे आणि कर्णनलिकेत शिरणारे असे त्याचे प्रकार सर्वपरिचित आहेत. कवच (कानावरच्या वाटीची बाहेरची बाजू) बंद की खुले, ही वर्गवारी याहून निराळी असून मराठवाड्यातील वापराच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची होय.

या साधनाच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. बहुतेक ग्रंथ ते श्रेय अमेरिकेतील युटा राज्याच्या नॅथॅनियल बाल्डविन यांना देतात. त्यांनी सु. १९१० मध्ये स्वतः बनवलेली जोडी अमेरिकी नौदलाकडे पाठवली होती. तथापि फ्रेंच अभियंता एर्नेस्त मर्काद्ये यांना १८९१ मध्येच कानात बसणाऱ्या, रबरी टोकाच्या हलक्या श्रावकासाठी (कानाला लावायच्या ध्वनिसाधनासाठी) अमेरिकी एकस्व (पेटंट) मिळाले होते. लंडनमध्ये १८९५ च्या सुमारास इलेक्ट्रोफोन सेवेचे वर्गणीदार नाट्यगृहातील कार्यक्रम दूरध्वनीच्या तारेवरून ऐकत, पण त्यांचे श्रावक हाताने दांड्याला धरावे लागत. डोक्यावर पट्टीने बसणारी जोडी एवढाच अर्थ घेतल्यास बाल्डविन यांचा दावा ग्राह्य वाटतो. कानात बसणाऱ्या प्रकाराची परंपरा मात्र मर्काद्ये यांच्यापासून धरणे अधिक योग्य. पुढे जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये स्टिरिओ हेडफोन आणला आणि सेनहायझर कंपनीच्या १९६८ मधील एचडी ४१४ या हेडफोनने खुले कवच लोकप्रिय केले.

खुल्या कवचातून आवाज मोकळा येतो, पण तो बाहेरही झिरपतो आणि बाहेरचा आत येतो. लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांत शेजारी-शेजारी बसून ध्वनिमुद्रित तासिका ऐकणाऱ्यांना असा हेडफोन त्यामुळे निरुपयोगी ठरतो. बंद कवचाचा लाभ गादी कानाभोवती घट्ट बसली तरच मिळतो. चष्म्याची काडी किंवा उन्हापासून बचावासाठी कानावरून गुंडाळलेला रुमाल मध्ये आला की फट राहते आणि सर्वप्रथम खर्जाचे स्वर हरवतात. अशा वेळी पुष्कळजण हेडफोनलाच दोष देतात. कर्णनलिकेत शिरणाऱ्या प्रकारात हीच गोष्ट टोकाच्या रबराच्या मापावर अवलंबून असते. दोन्ही कानांना एकच माप लागेल असेही नाही.

रोध, म्हणजे विद्युत् प्रवाहाला होणारा ओहममध्ये मोजला जाणारा अडथळा, हा दुसरा निकष. १ व्होल्ट विद्युत् दाब मिळाल्यास ३२ ओहमचा हेडफोन सु. ३१ मिलिवॉट शक्ती घेतो, ३०० ओहमचा जेमतेम ३.३ मिलिवॉट. प्रति मिलिवॉट संवेदनशीलता (तेवढ्या शक्तीवर मिळणारा आवाज) समान धरली तर दुसऱ्याचा आवाज सु. १० डेसिबलने कमी पडतो. म्हणून थेट मोबाइलला जोडण्यासाठी १६ ते ३२ ओहम सोयीचे. ध्वनिवर्धक (ॲम्प्लिफायर) जवळ नसताना केवळ ‘स्टुडिओचा’ म्हणून ३०० ओहमचा हेडफोन घेणे उचित नव्हे. ब्लूटूथ प्रकारात वर्धक आतच असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही.

आवाज रद्द करणारी यंत्रणा एकसुरी, खर्जातील गोंगाटावर उत्तम चालते : कूलर, एसटी बसचे इंजिन, वाळूजच्या कारखान्यांतील पंखे. माणसांच्या बोलण्यावर तिचा प्रभाव कमी.

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. घामाने कृत्रिम चामड्याच्या गाद्यांचे पापुद्रे निघतात. कापडी गाद्या तुलनेने सुसह्य, मात्र त्यांनी बाहेरचा आवाज कमी अडतो. बदलता येणाऱ्या गाद्या हा म्हणून येथे गौण मुद्दा मानता येत नाही. कर्णनलिका दीर्घकाळ बंद राहिल्यास ओलाव्यामुळे कानात बुरशी होण्याचा धोका वाढतो. कान वाहत असलेल्यांनी हा प्रकार टाळावा.

हाडांतून कंपने पोहोचवणाऱ्या प्रकारात कान मोकळे राहतात, म्हणून रस्त्याने चालताना किंवा शेतात ट्रॅक्टरची ये-जा असताना तो अधिक सुरक्षित. त्यातील खर्ज क्षीण असतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीला आठवड्याला ऐकण्याची ४० तासांची मर्यादा सांगितली आहे. ९० डेसिबलला ती ४ तासांवर येते.