ग्रामसभा आणि मासिक सभा: उमेदवार नेमकं कशाबद्दल बोलतोय?

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की दोन्ही पॅनेलच्या पत्रकांवर एक ओळ हमखास असते: ‘गावाला विश्वासात घेऊन कारभार करू.’ एका उमेदवाराच्या मनात त्या वेळी पंचायतीची मासिक सभा असते, दुसऱ्याच्या मनात ग्रामसभा. हा फरक लक्षात आला नाही तर दोघं सारखेच वाटतात, आणि मग मत भावकी बघून पडतं.

मासिक सभा निवडून आलेल्यांची. सरपंच आणि ७ ते १७ सदस्य महिन्यातून एकदा बसतात, खर्चाला मंजुरी देतात, दिवाबत्ती, नळपाणी, घरपट्टीची वसुली असे विषय मार्गी लावतात. ग्रामसभेवर मात्र कोणी निवडून जात नाही. गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव, तो तिचा सभासद. राज्यघटनेच्या कलम २४३ मध्येच तसं म्हटलंय. पाच वर्षांनी पंचायत बदलते, ग्रामसभा कायम राहते. वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. विकास आराखड्याला मंजुरी आणि घरकुलासारख्या योजनांच्या लाभार्थ्यांची निवड हे तिचं काम. घरकुलाची यादी मासिक सभेत ठरवून ग्रामसभेत नुसती वाचून दाखवली जाते, तिथे तिचा हक्कच काढून घेतलेला असतो.

आता उमेदवार. पहिला म्हणतो, ‘निवडून द्या, बाकी माझ्यावर सोडा.’ यात लबाडी असतेच असं नाही. मोटार जळली आणि नळ बंद पडले तर सगळं गाव जमायची वाट कोण बघणार? रोजच्या कामाला मासिक सभाच हवी. पण गायरान कोणाला द्यायचं, निधी आधी कोणत्या वस्तीवर खर्च करायचा, हे प्रश्नही तो त्याच खोलीत सोडवणार असेल, तर माझं मत त्याला नाही. ग्रामसभा घेऊ म्हणणारा दुसरा उमेदवार मला जवळचा, पण त्यालाही पारखून घ्यावं. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी संख्या. तेवढी माणसं आली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. पळवाट इथेच आहे. दवंडी धड द्यायची नाही, पहिली सभा तहकूब करायची आणि दुसरी आपल्या वीस माणसांत उरकायची. म्हणून त्याला विचारावं: दवंडी प्रत्येक वाडीवर जाईल का? ग्रामसभेआधीची बायकांची सभा खरोखर भरेल, की रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातील? मागच्या ठरावांचं काय झालं ते वाचून दाखवाल का?

हे जमतं, हे गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाने दाखवलंय. तिथे पंचायत लेख्याची होती तेव्हाही मेंढ्याची स्वतःची ग्रामसभा होती आणि ती बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. एकाचाही विरोध असला तरी चर्चा पुढे चालू राहते. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ पासून बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभा स्वतः देऊ लागली. गावाचं नेतृत्व करणाऱ्या देवाजी तोफांसारखी माणसं तिथे होती हे खरं, पण त्यांनीही आपला शब्द ग्रामसभेच्या वर ठेवला नाही.

सरपंच थेट जनतेतून निवडायची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. अशा सरपंचाविरुद्ध तीन चतुर्थांश सदस्यांनी अविश्वास ठराव मंजूर केला तरी तो पुरत नाही; ग्रामसभेत गुप्त मतदान घेऊन त्यावर गावाची मंजुरी घ्यावी लागते. सरपंचपदाचा उमेदवार दारात येईल तेव्हा त्याला ही तरतूद माहीत आहे का, ते विचारा.