मरीन प्लायची होडी कुजतच नाही?

‘मरीन प्लाय घ्या, होडी जन्मात कुजणार नाही,’ असा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. तो अर्धाच खरा आहे.

मरीन प्लाय म्हणजे ओलाव्यात टिकण्यासाठी बनवलेलं प्लायवूड. त्यावरचा आयएस ७१० हा भारतीय मानकाचा शिक्का मुख्यतः थर चिकटवणाऱ्या गोंदाची खात्री देतो: ७२ तास उकळूनही थर सुटायला नकोत. लाकडाला बुरशीविरोधी औषध दिलेलं असतं, त्यानं आयुष्य वाढतं. पण लाकूड पाणी पितंच, कडांतून आणि स्क्रूच्या भोकांतून सगळ्यात जास्त. त्यात उजनी धरणाचं पाणी गोडं. खाऱ्यापेक्षा गोड्या पाण्यात लाकूड लवकर कुजतं.

घरी तपासा. एकाच प्लायचे १० सेंमीचे दोन चौकोन कापा. एकाला कडांसकट इपॉक्सीचे (दोन भाग कालवून घट्ट होणारं रेझिन) तीन हात द्या, दुसरा तसाच ठेवा. दोन्ही काट्यावर तोला, आठवडाभर बादलीत दगडाखाली बुडवा, पुसून पुन्हा तोला. उघडा तुकडा किती पाणी प्यायला ते समोर दिसेल.

म्हणून ६ मिमी प्लाय तांब्याच्या तारेनं शिवून सांधे इपॉक्सी आणि ग्लास टेपनं (काचतंतूंची विणलेली पट्टी) बांधायचे असतील, तर आतबाहेर सगळं लाकूड बंद करा. स्क्रूचं भोक आधी मोठं पाडा, इपॉक्सीनं भरा, सुकल्यावर त्यातच बारीक भोक पाडा. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं, पण लाकडाला नीट धरत नाही; थर सुटतो आणि त्यामागे पाणी साचून राहतं. निव्वळ फायबरची होडी कुजत नाही हे खरं, पण तिला साचा लागतो, आणि एका होडीसाठी तो परवडत नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्यात इपॉक्सी डब्यातच तापून दगड होतं. पहाटे काम करा, एका वेळी १०० ग्रॅमच कालवा, तेही पसरट ताटलीत.