पीएच.डी. अधिस्वीकृतीतील तज्ज्ञ परीक्षक

पीएच.डी. कार्यक्रमाला मान्यता देण्याआधी अधिस्वीकृती संस्था तो बाहेरच्या जाणकारांकडून तपासून घेते. हे जाणकार म्हणजे तज्ज्ञ परीक्षक. ते शिफारस करतात, अंतिम निर्णय त्यांचा नसतो. इटलीत, उदाहरणार्थ, आन्वुर ही मूल्यमापन संस्था अभिप्राय देते आणि मंत्रालय अधिस्वीकृती देते. पीएच.डी.ची अशी स्वतंत्र तपासणी सगळीकडे होत नाही. जर्मनीतील अधिस्वीकृती प्रामुख्याने बॅचलर व मास्टर अभ्यासक्रमांपुरती असून डॉक्टरेट विद्यापीठांच्या अखत्यारीत राहते.

पदवी अभ्यासक्रमाचे पाठ्यक्रम, तासिका, प्रश्नपत्रिका पडताळता येतात. पीएच.डी.त प्रत्येक उमेदवाराची वाट वेगळी. मूळ संशोधनातून ज्ञानात भर घालणे हाच डॉक्टरेटचा गाभा, असे युरोपातील २००५ च्या साल्झबर्ग तत्त्वांनी मांडले. पूर्णवेळ उमेदवारासाठी साधारण तीन ते चार वर्षांचा कालावधीही त्यांत सुचवला आहे. त्यामुळे परीक्षकाचे लक्ष मार्गदर्शनावर आणि भोवतालच्या संशोधनावर असते. एकेका मार्गदर्शकाकडे किती जण आहेत, विद्यावेतन किती काळ पुरते, प्रबंध रखडतात ते कुठे, मधेच सोडून जाणारे का जातात, हे तो शोधतो.

सुरुवात विभागाच्या स्वमूल्यमापन अहवालापासून होते. अहवालात सहसा सगळे आलबेल असते! खरा उलगडा भेटीत होतो. उमेदवारांशी बोलताना मार्गदर्शक व विभागप्रमुख खोलीत नसतात. ‘मार्गदर्शकांची शेवटची भेट कधी झाली?’ या साध्या प्रश्नावर उमेदवार एकमेकांकडे पाहू लागले, तर नियमित बैठकांच्या नोंदवहीतल्या सह्या पुन्हा तपासाव्या लागतात. त्याच दिवशी मार्गदर्शकांनाही वेगळे भेटून दोन्ही बाजू ताडून पाहतात. काही प्रबंध चाळले जातात आणि ते तपासणारे बहिःस्थ परीक्षक कसे निवडले गेले, तेही पाहिले जाते. तीच ती चार नावे आलटूनपालटून येत असतील, तर ती बाब अहवालात नोंदवण्याजोगी असते.

अधिस्वीकृतीच्या तज्ज्ञ परीक्षकांची निवड हे यातले सर्वांत नाजूक काम. विषय जितका अरुंद, तितके त्यातले सगळे एकमेकांचे परिचित. कुणी सहलेखक, कुणी एकाच गुरूचे शिष्य. म्हणून हितसंबंध जाहीर करायला लावतात आणि अनेकदा परदेशी तज्ज्ञ बोलावतात. त्यांना विषय कळतो, पण स्थानिक नियम समजावून सांगावे लागतात. युरोपीय उच्च शिक्षणक्षेत्राची गुणवत्ता-मानके २००५ साली स्वीकारली गेली आणि २०१५ साली सुधारली गेली. त्यांनुसार तज्ज्ञगटात किमान एक विद्यार्थी असावा लागतो. पीएच.डी.च्या तपासणीत ही जागा संशोधक विद्यार्थ्याला देणे इष्ट. प्रयोगशाळेतला वेळ कुणाच्या मर्जीवर मिळतो, हे विचारायचे त्यालाच आधी सुचते.

भेटीनंतर अहवालाचा मसुदा विद्यापीठाकडे जातो, तो केवळ तपशिलातल्या चुका दाखवण्यासाठी. मताबद्दलची तक्रार असेल तर अपिलाचा मार्ग वेगळा असतो. अधिस्वीकृती सशर्त मिळाली, तर ठरलेल्या मुदतीत अटी पूर्ण केल्याचे पुरावे द्यावे लागतात. ते कधी कधी त्याच परीक्षकांकडे तपासायला येतात.