पार्श्वभूमी : सहा फेम्टोसेकंदांच्या पुढे

अ‍ॅटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही अब्जावा भाग. एवढ्या वेळात प्रकाश जेमतेम ०.३ नॅनोमीटर सरकतो. फेम्टो (एक फेम्टोसेकंद म्हणजे हजार अ‍ॅटोसेकंद) आणि अ‍ॅटो हे उपसर्ग १९६४ मध्येच एकक पद्धतीत आले, पण तेव्हा एवढा काळ मोजणारं साधन कुणाकडेच नव्हतं.

१९६० मध्ये लेसर आला. पुढे मोड-लॉकिंगमुळे, म्हणजे लेसरमधल्या अनेक लहरी एका तालात आणण्याच्या तंत्रामुळे, पल्स (प्रकाशाचे क्षणिक झोत) पिकोसेकंदांवर (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद) आणि मग फेम्टोसेकंदांवर उतरल्या. रेणूंचे बंध तुटताना पाहणाऱ्या अहमद झेवैल यांना १९९९ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच पल्सच्या जोरावर मिळालं. १९८७ मध्ये रंगद्रव्याच्या लेसरने ६ फेम्टोसेकंद गाठले आणि गाडी तिथेच अडली.

अडण्याचं कारण साधं आहे. पल्स तिच्यातल्या प्रकाशलहरीच्या एका आवर्तनाहून फारशी आखूड होत नाही आणि ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशाचं आवर्तनच २.७ फेम्टोसेकंदांचं असतं. त्यात काच नडते. ५ फेम्टोसेकंदांची पल्स फक्त १ मिलिमीटर क्वार्ट्‌झ काचेतून गेली, की लाल भाग पुढे आणि निळा मागे पडून ती सुमारे २० फेम्टोसेकंदांपर्यंत पसरते. भिंगांऐवजी शक्य तिथे आरसे वापरतात ते म्हणूनच. पण खरा उपाय एकच होता, मुळात लहान तरंगलांबीचा प्रकाश मिळवणं.

तो अनपेक्षितपणे सापडला. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या सॅक्ले इथे अ‍ॅन लुइलिए आणि सहकाऱ्यांनी अवरक्त लेसर आर्गॉनसारख्या वायूंवर सोडला. वायूतून लेसरच्या वारंवारतेच्या पटीतल्या, म्हणजे तितक्याच पट आखूड तरंगलांबीच्या लहरी निघतात. वरच्या पटीतल्या लहरी झपाट्याने मंदावतील, असा रूढ अंदाज होता. प्रत्यक्षात मात्र बऱ्याच पटींपर्यंत तीव्रता जवळपास तशीच टिकली. याची उकल पॉल कॉर्कम यांनी १९९३ मध्ये सोप्या भाषेत मांडली. लेसरचं क्षेत्र इलेक्ट्रॉनला अणूबाहेर खेचतं, क्षेत्राची दिशा उलटली की तो परत येऊन अणूवर आदळतो आणि कमावलेली ऊर्जा अतिनील झोताच्या रूपात टाकतो. हे दर अर्ध्या आवर्तनाला घडतं, त्यामुळे एक पल्स न मिळता पल्सची माळ मिळते. लेसरची तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला १०¹⁴ वॅटच्या आसपास लागते. त्याहून फार वाढवली तर अणूंमधले इलेक्ट्रॉन आधीच निघून जातात आणि झोत उलट मंदावतो.

पल्स खरंच आखूड आहे हे दाखवणं तर आणखी अवघड, कारण तेवढा चपळ डिटेक्टरच नाही. म्हणून अतिनील आणि अवरक्त झोत एकत्र वायूवर सोडून, दोघांतलं वेळेचं अंतर किंचित बदलत, बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजतात. १०० अ‍ॅटोसेकंदांच्या फरकासाठी आरसा फक्त १५ नॅनोमीटर हलवायचा, तेव्हा टेबलाचा बारीकसा कंपही मापन बिघडवतो. हवा हा प्रकाश शोषून घेते, म्हणून झोताचा मार्ग निर्वात ठेवावा लागतो. २००१ मध्ये पिएर अगोस्तिनी यांनी २५० अ‍ॅटोसेकंदांच्या पल्सची माळ मोजली, तर व्हिएन्नात फेरेन्स क्राउस यांनी ६५० अ‍ॅटोसेकंदांची सुटी पल्स वेगळी केली. २०२३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल लुइलिए, अगोस्तिनी आणि क्राउस या तिघांना मिळालं.

२०२० मध्ये ‘२४७ झेप्टोसेकंद’ (झेप्टोसेकंद म्हणजे अ‍ॅटोसेकंदाचा हजारावा भाग) ही बातमी गाजली, तिची मात्र इथे गल्लत करू नये. ती पल्सची लांबी नव्हे. हायड्रोजनच्या रेणूच्या एका टोकाकडून दुसरीकडे जायला प्रकाशाला लागणारा तो वेळ आहे, आणि तो बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या व्यतिकरण आकृतीवरून (लहरी एकमेकींत मिसळून उमटणाऱ्या नक्षीवरून) काढलेला आहे.