कानातली फट आणि दंडाचं माप

नर्सिंगला प्रवेश मिळाला की पहिल्याच आठवड्यात हातात एक यादी पडते: स्टेथोस्कोप, बीपीचं यंत्र, सेकंद काट्याचं घड्याळ, पेनटॉर्च, कात्री, थर्मामीटर. मग वर्गात एकच चर्चा सुरू होते, कोणत्या कंपनीचं घ्यायचं? मी बरीच वर्षं विद्यार्थ्यांना वॉर्डात हात धरून बीपी घ्यायला शिकवत आले आहे, आणि मला वाटतं, कंपनीच्या आधी दुसरा प्रश्न विचारायला हवा. हे उपकरण रुग्णाच्या शरीरातून नेमकं काय टिपतं, आणि ते आपल्यापर्यंत पोचेपर्यंत वाटेत कुठे गळतं? एवढं कळलं की निवड सोपी होते, आणि पुष्कळदा कमी खर्चातही भागतं.

सुरुवात स्टेथोस्कोपपासून करू. १८१६ साली पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात डॉक्टर रेने लेनेक यांच्यापुढे हृदयविकाराची लक्षणं असलेली एक तरुण स्त्री होती. तिच्या छातीला थेट कान लावणं त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर टेकवलं, दुसरं स्वतःच्या कानाला लावलं. कान टेकवूनही जेवढे स्पष्ट ऐकू आले नसते तेवढे ठोके त्या सुरळीतून ऐकू आले. पुढे लाकडी नळी आली, १८५०च्या सुमारास दोन्ही कानांचा स्टेथोस्कोप आला, पण मूळ तत्त्व बदललं नाही. बंदिस्त हवेतून जाणारा आवाज चहूकडे पसरत नाही, म्हणून तो कानापर्यंत टिकून राहतो.

यातला 'बंदिस्त' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. हृदयाचे ठोके आणि बीपी घेताना येणारे आवाज बहुतांशी खालच्या पट्टीतले असतात, साधारण २०० हर्ट्झच्या आतले. या पट्टीत माणसाचा कान मुळातच मंद. त्यात कुठे बारीकशी फट राहिली तर सगळ्यात आधी हेच आवाज गळतात. आणि फट राहण्याची सगळ्यात नेहमीची जागा म्हणजे आपला कान. म्हणून स्टेथो घेताना मी आधी चेस्टपीसची, म्हणजे छातीवर टेकवायच्या भागाची, चमक बघत नाही, इअरटिप, म्हणजे कानात बसणारी टोकं, बघते. मऊ इअरटिप कानात नीट बसली की आजूबाजूची बडबड एकदम दबते. तसं झालं नाही तर दुसऱ्या मापाची लावून बघावी. कितीही भारी स्टेथो असला तरी इअरटिप सैल असेल तर त्याचा उपयोग नाही.

कानाची नळी सरळ आत जात नाही, ती किंचित पुढे, नाकाच्या दिशेने कललेली असते. स्टेथोच्या दांड्याही त्याच दिशेने झुकलेल्या असतात. एका मुलीने तीनदा बीपीचा कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, फुगवला, तीनदा हवा सोडली आणि रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, मला खरंच काही ऐकू येत नाहीये." मी म्हटलं, "अगं, काढ आणि उलटा करून घाल." पुढच्या खेपेला पहिला ठोका कानावर पडला तेव्हा तिचे डोळे असे चमकले की रुग्ण आजीसुद्धा हसल्या. दांड्या मागे झुकल्या होत्या, इअरटिपची तोंडं कानाच्या भिंतीला टेकली होती, आणि आवाजाला वाटच नव्हती. दोन बाजूंचा चेस्टपीस असेल तर आणखी एक गोष्ट पाहायची. तो फिरवला की एकच बाजू चालू राहते. डायफ्रामवर, म्हणजे पडद्याच्या बाजूवर, बोटाने अगदी हलकी टिचकी मारली की कोणती बाजू उघडी आहे ते कळतं. "बिघडलाय" म्हणून माझ्याकडे आलेले कित्येक स्टेथो अर्ध्या फेरीत दुरुस्त झाले आहेत.

डायफ्राम म्हणजे ताणलेला पातळ पडदा. तो खालच्या पट्टीतले आवाज थोडे दाबतो, त्यामुळे श्वासाचे वरच्या पट्टीतले आवाज उठून येतात. बेल म्हणजे पडदा नसलेली वाटी. ती त्वचेवर नुसती टेकवायची. जोरात दाबली तर खालची त्वचाच ताणून पडद्यासारखी वागू लागते आणि बेलचा फायदा संपतो. काही स्टेथोंमध्ये एकच बाजू दोन्ही कामं करते, हलकं टेकवलं की खालची पट्टी, दाबलं की वरची. शिकताना दोन बाजूंचा घ्यावा असं माझं मत आहे, कारण कोणता आवाज कुठे ऐकायचा हे त्यात हातालाही कळतं. खास हृदयरोगासाठी बनवलेला महागडा स्टेथो पहिल्या वर्षी नको.

आता बीपी. यादीत याला एकच ओळ मिळते, पण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. १८९६ साली इटलीच्या शिपिओने रिवा-रोची यांनी दंडाभोवती गुंडाळायचा फुगता कफ आणला. त्याची रुंदी जेमतेम ५ सेंटिमीटर होती, आणि त्यावर दाब नेहमी जास्तच दिसायचा. पाचेक वर्षांतच हाइनरिख फोन रेकलिंगहाउझेन यांनी त्याचं कारण अरुंद कफ असल्याचं दाखवलं आणि कफ रुंद केला. १९०५ मध्ये रशियाचे शल्यविशारद निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी एका छोट्याशा टिपणात सांगितलं, की कफमधली हवा सोडताना त्याच्या खालच्या बाजूला धमनीवर ऐकत राहा. आधी शांतता असते. मग टक्, टक् असे ठोके सुरू होतात, तो वरचा दाब. ते विरून जातात, तो खालचा. दाबलेली धमनी प्रत्येक ठोक्याला क्षणभर उघडते आणि परत मिटते, त्यातून हे आवाज येतात. कफचा दाब धमनीच्या खालच्या दाबाच्याही खाली उतरला की धमनी सतत उघडी राहते आणि आवाज थांबतो.

कफच्या आतली रबरी पिशवी दंडाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के रुंद आणि ८० टक्के लांब असावी, असा जुना आणि अजूनही उपयोगी नियम आहे. घेर ३० सेंटिमीटर असेल तर पिशवी १२ बाय २४ हवी. जाड दंडाला लहान कफ लावला तर दाब धमनीपर्यंत नीट पोचत नाही, ती मिटवायला जास्त हवा भरावी लागते आणि आकडा खोटा वाढतो. २०२३ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी स्वयंचलित यंत्रांवर हे मोजून पाहिलं. ज्यांना सगळ्यात मोठा कफ लागतो त्यांना नेहमीचा कफ लावला, तेव्हा वरचा दाब सरासरी १९.५ मिलिमीटर (पाऱ्याचे) जास्त निघाला. एवढ्या फरकाने धडधाकट माणसाच्या कागदावर उच्च रक्तदाब लिहिला जाऊ शकतो. म्हणून बीपीचं यंत्र स्वतःचं घेणार असाल तर वेगवेगळ्या मापांचे कफ बदलता येतील असंच घ्या, आणि सोबत शिंप्याची टेप ठेवा. यादीत नसलेलं पण मी आग्रहाने सांगते ते हे एकच साधन.

काट्याच्या यंत्रात हवा काढल्यावर काटा शून्यावर यायला हवा. काही डायलमध्ये शून्यापाशी खिळीचा अडथळा असतो. काटा तिथे अडकून शून्यच दाखवतो, आतली स्प्रिंग बिघडली असली तरी. तसा अडथळा नसलेला डायल घ्यावा आणि वेळोवेळी तपासून घ्यावा. बटण दाबून चालणारी यंत्रं कोरोत्कोव्हचे आवाज सहसा ऐकतच नाहीत. ती कफमधले बारीक हेलकावे मोजतात आणि त्यावरून दोन्ही आकडे गणिताने काढतात. ठोके अनियमित असले की हे गणित डळमळतं. म्हणून शिकताना कानाने बीपी घ्यायला शिकायचं, मग पुढे यंत्र काहीतरी विचित्र दाखवू लागलं तर पडताळून पाहता येतं. यंत्र कोणतंही असो, हात हृदयाच्या पातळीवर हवा. दंड १० सेंटिमीटर खाली लोंबला तरी आकडा ७–८ मिलिमीटरने वाढतो, तो निव्वळ रक्ताच्या स्तंभाचा दाब.

घड्याळ फिरत्या सेकंद काट्याचं घ्या. अंकांचं घड्याळ वेळ बरोबरच दाखवतं, पण तोंडाने ठोके मोजताना डोळ्यांपुढे दुसरे अंक बदलत राहिले की मोजणी चुकते. काट्याची जागा न वाचताही कळते. छातीवर अडकवायचं घड्याळ बरं, कारण मनगट मोकळं राहतं आणि हात कोपरापर्यंत धुता येतात. १५ सेकंद मोजून चाराने गुणायची सवय पटकन लागते. त्यात एक ठोका निसटला तर चारांची चूक होते. नाडी अनियमित वाटली तर पूर्ण मिनिट मोजायचं.

पेनटॉर्चचा उजेड पांढराफटक, डोळे दिपवणारा नको. बाहुली किती आकसते आणि किती झटकन आकसते हे पाहायचं असतं. रुग्णाने डोळे मिटून घेतले तर काहीच दिसत नाही. टॉर्चच्या अंगावर मिलिमीटरमध्ये बाहुलीच्या मापाचे गोल छापलेले असले तर उत्तम. कात्री बोथट टोकाची हवी, म्हणजे बँडेज कापताना त्वचेला लागत नाही.

पल्स ऑक्सिमीटर पहिल्या वर्षी स्वतःचा घेतला नाही तरी चालतं, पण तो कसा बघतो हे माहीत हवं. १९७०च्या दशकात जपानच्या ताकुओ आओयागी यांनी त्याचं तत्त्व शोधलं. बोटातून लाल आणि अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश जातो, ऑक्सिजनने भरलेलं आणि रिकामं रक्त ते वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, आणि नाडीच्या प्रत्येक उसळीबरोबर होणारा बदल यंत्र मोजतं. उसळीच क्षीण असेल, म्हणजे हात गार पडलेले असतील, तर आकड्यावर भरवसा नाही. नखांवर गडद रंग असेल तरी तेच. सावळ्या-काळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं, हे आता चांगलंच सिद्ध झालं आहे. कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेल्याचा आकडाही उत्तम दिसतो, कारण त्या विषाला चिकटलेलं रक्त यंत्राला ऑक्सिजनचंच वाटतं. रुग्णाला धाप लागली असेल आणि आकडा छान असेल, तर धापेवर विश्वास ठेवा.

स्टेथोवर स्वतःचं नाव लिहा आणि तो प्रत्येक रुग्णानंतर पुसा. जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं की तपासणीनंतर डायफ्रामवर तळहातापेक्षाही जास्त जंतू सापडतात, त्याहून जास्त असतात ते फक्त बोटांच्या टोकांवर. ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने डायफ्राम, बेल आणि इअरटिप पुसायच्या आणि पूर्ण वाळू द्यायच्या. मग धुतलेल्या तळहातात चेस्टपीस क्षणभर धरून ठेवा. गार धातू छातीला टेकला की रुग्ण दचकतो, श्वास रोखून धरतो, आणि पहिले काही श्वास ऐकायचे राहून जातात.