जर्मन क्लायंट, जपानी क्लायंट: शिस्त सारखी, मीटिंग वेगळी

उन्हाळ्यात पुणे बरोबर मध्ये असतं. टोकियो साडेतीन तास पुढे, स्टुटगार्ट साडेतीन तास मागे. (हिवाळ्यात जर्मनीतली घड्याळं मागे घेतात आणि हे अंतर साडेचार तासांचं होतं.) त्यामुळे चाकण-हिंजवडीतल्या काही टीमचा दिवस जपानी कॉलने सुरू होतो आणि जर्मन कॉलने संपतो. शहराचंही दोघांशी नातं आहे. औंधात ब्रेमेन चौक आहे आणि सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान हे पुणे-ओकायामा मैत्री उद्यानही आहे. एवढा सहवास असूनही ऑफिसात नव्याने आलेल्याला सल्ला मिळतो तो एकच, "दोघेही सारखेच. वेळेवर जा, तयारी करून जा, थापा मारू नका."

हा सल्ला अर्धाच आहे. वेळ, नियोजन, कामातला काटेकोरपणा हे दोघांकडे खरंच आहे. पण मतभेद कुठे आणि केव्हा मांडायचा, हे दोघांचं अगदी वेगळं असतं.

जर्मनांची मीटिंग म्हणजे वाद घालायचीच जागा. अजेंडा आधी येतो. तुमच्या डिझाइनमध्ये खोट असेल तर ती सगळ्यांसमोर, तुमच्या साहेबांच्या देखत सांगितली जाते. "हे चालणार नाही, टॉलरन्सचा हिशोब चुकलाय." असं ऐकल्यावर आपल्याकडचा माणूस दोन दिवस घुम्यासारखा बसतो. बोलणाऱ्याच्या लेखी मात्र टीका ड्रॉइंगवर झालेली असते, तुमच्यावर नाही, आणि दुपारी तो तुमच्याच टेबलावर मजेत जेवतो. तुम्ही गप्प राहिलात तर तुम्हाला मान्य आहे असं धरलं जातं. मग दोन आठवड्यांनी शंका काढली की "तेव्हा का नाही बोललात?" असं तो विचारणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

जपानी कंपनीत मोठी मीटिंग भरेपर्यंत निर्णय बहुतेक ठरलेला असतो. ज्यांचा संबंध आहे त्या प्रत्येकाला आधी वेगवेगळं गाठून, त्याच्या शंका ऐकून, प्रस्तावात बदल करून झालेले असतात. याला ते नेमावाशी म्हणतात. मग रिंगीशो नावाचा प्रस्ताव खालून वर सरकतो आणि प्रत्येक पायरीवर त्याला मंजुरी मिळत जाते. हे सगळं पार पडल्यावर भर मीटिंगमध्ये नवा आक्षेप काढला तर समोरच्यांची पंचाईत होते. कॉलवर शांतता पसरते, कोणीतरी म्हणतं, "यावर विचार करावा लागेल." आपली टीम खूश होते, पण तो बहुधा नकार असतो. निर्णयाला वेळ लागतो म्हणून आपण वैतागतो खरे. पण एकदा ठरलं की काम झपाट्याने पुढे सरकतं, कारण अडवणारं कोणी उरलेलं नसतं.

मला विचाराल तर जर्मन पद्धत लवकर कळते, फक्त पचायला वेळ लागतो. जपानी पद्धत वर्षभर काम करूनही निसटू शकते, कारण महत्त्वाचं ते कॉलवर दिसतच नाही.

इथेच आपली आणखी एक फसगत होते. आपल्यालाही तोंडावर नाही म्हणवत नाही, म्हणून आपण स्वतःला जपान्यांच्या जवळचे समजतो. पण त्यांच्या सौम्यपणाला होरेन्सोची जोड असते: केलेलं कळवायचं, बदललेलं सांगायचं, अडलं तर विचारायचं, आणि हे रोजच्या रोज. "बघतो, करतो" म्हणून डेडलाइनपर्यंत गप्प बसणारा माणूस त्यांच्या दृष्टीने बेभरवशाचा. जर्मन साहेब काम सोपवतो ते सोपवतोच. अडचण आली तर लगेच सांगा, पण प्रत्येक पायरीवर परवानगी मागू नका, अशी त्याची अपेक्षा. तीच रोजची स्टेटस मेल नागोयात दिलासा देते आणि म्युनिकमध्ये "याला एकट्याला काम जमत नाही का?" अशी शंका उभी करते.

माल रिजेक्ट झाला तरी हा फरक दिसतो. जर्मन गाडी कंपनीला ठरलेल्या मुदतीत ८डी रिपोर्ट (दोष शोधून दूर करण्याचा आठ टप्प्यांचा अहवाल) हवा असतो, त्यात मूळ कारण आणि पुरावा. माफीच्या तीन ओळी लिहिल्या तर कोणी वाचत नाही. जपानी ग्राहकाकडे आधी दिलगिरी, मग प्रत्यक्ष लाइनवर जाऊन सुटा भाग हातात घेऊन पाहणं, आणि मुळाशी पोहोचण्यासाठी पाच वेळा "का?" विचारणं.

सुट्टीचं थोडक्यात. जर्मनीत 1963 च्या कायद्याने किमान चार आठवडे रजा मिळते आणि लोक ती खरोखर घेतात. माणूस तीन आठवडे गायब, मेलच्या ऑटो-रिप्लायमध्ये बदली माणसाचं नाव. जपानमध्ये लोक हक्काची रजाही घेत नसत, म्हणून वर्षाला दहा किंवा अधिक दिवस रजा मिळणाऱ्यांना निदान पाच दिवस तरी घ्यायला लावण्याची जबाबदारी 2019 पासून कंपनीवर टाकावी लागली.

अर्थात हे झालं सर्वसाधारण. टोकियोतला तरुण स्टार्टअपवाला फटकळ निघू शकतो आणि एखादा जर्मन इंजिनिअर लाजाळू.

तिघे एकत्र असलेल्या प्रोजेक्टमध्ये मसुदा निदान आठवडाभर आधी जपानी टीमच्या समन्वयकाकडे द्यावा आणि त्यांचे आक्षेप त्याच्याकडून लेखी मागवून घ्यावेत. मग ते कोणाचंही नाव न घेता जर्मनांच्या अजेंड्यावर पहिल्या क्रमांकाला टाकावेत. जर्मनांना वाद घालायला मिळतो आणि जपान्यांवर तो अचानक येऊन आदळत नाही.